सुधारणा कीं सक्ती?

'सुधारणा' ह्या शब्दाला आमच्या समाजांत मोठा मान आहे, आणि तो योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकांत ह्या एका शब्दासाठीं महाराष्ट्रांत माणसें झिजलीं, भांडलीं आणि प्रसंगीं बहिष्कृतहि झालीं. म्हणूनच त्या शब्दाचा पोशाख चढवून कोणी आमच्या दारीं माल विकावयास आला, तर पोशाखाच्या आंत कोण आहे हें पाहणें आमचें कर्तव्य ठरतें. हल्लीं 'अपग्रेड' ह्या शब्दानें सुशिक्षित घरांत हा पोशाख घातला आहे. फोटो नीटनेटके करण्याचें सॉफ्टवेअर अपग्रेड करा. तें चालावें म्हणून संगणक अपग्रेड करा. संगणक अपग्रेड होण्याजोगा नसेल तर तो टाकून नवा घ्या. असा हुकूम दर दोन-चार वर्षांनीं सुटतो, आणि आम्ही शिकलेले लोक तो काळाचा हुकूम समजून शिरसावंद्य मानतों. आमचें म्हणणें असें कीं, हा हुकूम काळाचा नसून दुकानदाराचा आहे. हत्यार केव्हां बदलावें हें त्या हत्याराच्या कामानें आणि त्याच्या धन्यानें ठरवावयाचें असतें. तें घडविणाऱ्याच्या पंचांगानें नव्हे.

ह्या प्रकरणाचा थोडा इतिहास पाहिल्याखेरीज आमच्या म्हणण्याचा रोख ध्यानांत यावयाचा नाहीं. फोटोशॉप हें सॉफ्टवेअर टॉमस नोल आणि जॉन नोल ह्या दोघां अमेरिकन बंधूंनीं १९८७ सालीं रचावयास घेतलें, आणि अ‍ॅडोबी कंपनीनें त्याची पहिली आवृत्ति फेब्रुवारी १९९० मध्यें मॅकिन्टॉश संगणकासाठीं विक्रीस आणली. १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत 'लेयर' आले. म्हणजे चित्रावर पारदर्शक पदर चढवून, खालच्या पदरास धक्का न लावतां वरचा बदलण्याची सोय झाली. ही सोय ज्यांनीं एकदां अनुभविली, त्यांच्यावर नव्या आवृत्तीसाठीं कोणास बळजबरी करावी लागली नाहीं. जुन्या व्यवहाराचा हाच मोठा गुण होता. बनविणारा नवी आवृत्ति घेऊन दारांत उभा राही आणि घेणारा विचारी, "हिच्यांत माझ्या उपयोगाचें काय आहे?" उत्तर पटलें तर तो पैसे मोजी, न पटलें तर जुन्या आवृत्तीवर आणखी चार वर्षें सुखानें काढी. गिऱ्हाइकाचा नकार हाच कारागिरावरचा अंकुश होता.

तो अंकुश मे २०१३ मध्यें काढून घेण्यांत आला. २०१२ सालची 'क्रिएटिव्ह सूट ६' ही मालिका ह्या परंपरेंतली शेवटची ठरली. ह्यापुढच्या आवृत्त्या विकत न मिळतां वर्गणीनें मिळतील, असें कंपनीनें जाहीर केलें. घरगुती छायाचित्रकारांच्या आवडीचें लाइटरूम त्यांतून कांहीं काळ वांचलें. परंतु २०१५ सालची त्याची सहावी आवृत्ति हीहि कायमची विकत मिळणारी शेवटचीच निघाली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्यें पुढील विकत आवृत्त्यांचा मार्ग बंद झाला. आतां नवी आवृत्ति आवडो वा न आवडो, वर्गणी चालूच राहते. आणि जो नाहीं म्हणतो, त्याच्या हातून नवीच नव्हे तर जुनीहि आवृत्ति जाते. ज्या व्यवहारांत नकाराची किंमत एवढी मोठी आहे, त्यांतील होकारास आम्ही पसंती कसें म्हणावें?

ह्यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो, आणि तो आम्ही प्रामाणिकपणें तपासूं. आक्षेपक म्हणतात कीं, वर्गणी ही उलट स्वस्तच आहे. फोटोशॉपच्या सहाव्या सूटांतील प्रतीची किंमत अमेरिकेंत ६९९ डॉलर होती आणि जुनी प्रत असणाऱ्यास नवी घेण्यास १९९ डॉलर पडत. उलट फोटोशॉप व लाइटरूम ह्या दोहोंची मिळून वर्गणी महिना ९.९९ डॉलर ठेवण्यांत आली. ज्याचा धंदाच छायाचित्रांचा आहे, ज्याला दोन्ही हत्यारें रोज लागतात आणि जो प्रत्येक आवृत्ति घेतच होता, त्याला हा सौदा खरोखर स्वस्त पडला. हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु घरांतल्या लग्नमुंजीचे व प्रवासाचे फोटो उजळणाऱ्या कुटुंबाचा हिशेब निराळा आहे. त्यास लाइटरूम पुरे होतें, आणि त्याची सहावी आवृत्ति १४९ डॉलरांस कायमची मिळत असे. महिना ९.९९ प्रमाणें हे पैसे पंधरा महिन्यांत फिटतात. सोळाव्या महिन्यापासून पुढचें सारें भाडें. दहा वर्षांत १,२०० डॉलर भरावे आणि अकराव्या वर्षीं हात रिकामे! शिवाय दर ठरविण्याची मुखत्यारी भाडेकऱ्याकडे थोडीच असते? जानेवारी २०२५ पासून हीच लहान योजना नव्या ग्राहकांस बंद झाली आणि महिन्याच्या महिन्यास पैसे भरणाऱ्या जुन्या ग्राहकांस ९.९९ च्या जागीं १४.९९ डॉलर पडूं लागले. एकदम दीडपट! ज्याच्या घरीं मालकीची प्रत आहे, त्याच्यावर अशी वाढ कोणी लादूं शकला असता काय?

बाहेर पडण्याची वाटहि सरळ नाहीं. जून २०२४ मध्यें अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या सूचनेवरून तेथील सरकारनें ह्याच कंपनीवर फिर्याद केली. वर्षाचा करार महिन्याच्या हप्त्यांनीं करणाऱ्यास तो मध्येंच मोडल्यास पडणारा दंड ग्राहकाच्या नजरेआड ठेवण्यांत आला, असा त्या फिर्यादींतील आरोप होता. कंपनीनें तो नाकारला. आरोपाचा निवाडा करणें हें आमचें काम नव्हे. परंतु हत्यार परत करावयास दंड पडतो, ही गोष्टच मुळीं हत्याराच्या जगांत नवीन आहे. सुताराचा रंधा त्याला सोडावयाचा असला तर तो फळीवर ठेवून मोकळा होतो.

"अहो, तुमचें मासिकहि वर्गणीवरच चालतें ना?" असा टोला येथें कोणी लगावील. चालतें, आणि म्हणूनच वर्गणी म्हणजे काय हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्या वर्गणीदारानें उद्यां वर्गणी थांबविली, तर पुढचा अंक त्याच्या घरीं जाणार नाहीं. पण मागले अंक त्याच्या कपाटांतच राहतील. ते तो वाचील, शेजाऱ्यास देईल, नातवासाठीं बांधून ठेवील. वर्गणी बंद होतांच आमच्या कार्यालयांतला माणूस त्याच्या घरीं जाऊन कपाटाला कुलूप घालीत नाहीं. ह्या सॉफ्टवेअरच्या वर्गणींत तसें कुलूप घालण्याची सोय आहे. दोहोंस एकच नांव देणें हा भाषेवरचा अन्याय आहे. एक वर्गणी आहे आणि दुसरें भाडें.

आतां ह्या भाड्याचा सर्वांत खोल परिणाम सांगतों. तो पैशाहून मोठा आहे. चांगला कॅमेरा जें मूळ चित्र नोंदतो, त्यास 'रॉ' म्हणतात. लाइटरूमसारखें सॉफ्टवेअर त्या मूळ चित्रास हात लावीत नाहीं. उजेड इतका वाढवा, सावली इतकी उचला, कडा इतकी कापा, अशा सूचना तें आपल्या वहींत लिहून ठेवतें आणि दर वेळीं त्या मूळ चित्रावर लावून दाखवितें. पद्धत उत्तम आहे; मूळ शाबूत राहतें. परंतु ह्याचाच अर्थ असा कीं, आपण रात्री जागून आजीच्या चेहऱ्यावरचा जो प्रकाश जुळवून आणला, तो चित्रांत नसतो; तो त्या वहींत असतो, आणि ती वही नेमकी वाचणारा वाचक एकच आहे. दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्यांतील सूचना जशाच्या तशा कळत नाहींत. वर्गणी थांबली कीं चित्रें पाहतां येतात व बाहेरहि काढतां येतात, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. परंतु ज्या दालनांत सुधारणा करावयाची तें 'डेव्हलप' दालन बंद होतें. म्हणजे स्वतःच्या घरच्या चित्रावर स्वतः केलेलें काम पुढें नेण्यासाठीं दरमहा परवाना घ्यावा लागतो. आमच्या वडिलांच्या पिढीनें ट्रंकेंत ठेवलेल्या काचांवर आणि फिल्मवर असा परवाना कोणी मागितला नव्हता.

मालकीच्या प्रतीसहि ही दोरी थोडीफार बांधलेली होतीच. २००५ सालच्या 'क्रिएटिव्ह सूट २' ला मान्यता देणारी यंत्रें कंपनीनें बंद केलीं, तेव्हां जुन्या मालकांसाठीं २०१३ च्या आरंभीं मान्यतेची गरज नसलेली प्रत तिला द्यावी लागली. लाइटरूमच्या सहाव्या आवृत्तींतील नकाशा बाहेरच्या सेवेवर अवलंबून होता. २०१८ च्या अखेरीस तो बंद पडला. ह्यावरून घ्यावयाचा बोध एवढाच कीं, ज्या हत्याराला काम करण्यापूर्वीं दूरच्या घरची परवानगी लागते, तें हत्यार त्या दूरच्या घराच्या मर्जीइतकेंच जगतें.

सॉफ्टवेअरच्या मागोमाग यंत्राची पाळी येते. नवा कॅमेरा घेतला कीं त्याचें 'रॉ' जुन्या सॉफ्टवेअरला वाचतां येत नाहीं. नवें सॉफ्टवेअर घेतलें कीं तें जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसत नाहीं. नवी सिस्टिम घ्यावी तर ती जुन्या संगणकास ओळख देत नाहीं. अशी ही सांखळी आहे. अ‍ॅपलच्या ऑक्टोबर २०१९ मधील 'कॅटलिना' सिस्टिमनें ३२ बिटांचीं सर्व सॉफ्टवेअरें एका रात्रींत निकामी केलीं. मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज ११' नें २०२१ सालीं प्रोसेसरच्या पिढीची आणि सुरक्षेच्या एका विशिष्ट चिपेची अट घातली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०' चा नेहमीचा सांभाळ संपला, तेव्हां चालते-बोलते असंख्य संगणक केवळ त्या अटींत न बसल्यामुळें म्हातारे ठरले. त्यांतून २०१२ पासून बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पाटीवरच डाखलेली येऊं लागली. पूर्वीं चार स्क्रू काढून रॅमची पट्टी घालतां येत असे. आतां थोडी रॅम वाढवावयाची तर अख्खें यंत्र बदला! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हा.

टाकलेलीं यंत्रें जातात कोठें, हाहि प्रश्न सुज्ञांनीं विचारला पाहिजे. २०२२ ह्या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला आणि त्यांतील अवघ्या २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालांत म्हटलें आहे. आमच्याकडेहि १ एप्रिल २०२३ पासून ह्या कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. परंतु नियम कचऱ्यावर राज्य करतात; कचरा उत्पन्न करणाऱ्या हौसेवर नव्हे.

दुसरा आक्षेप प्रगतीचा. "मग काय, १९९० च्या आवृत्तीवर बसून राहावें काय?" असें उपहासानें विचारलें जातें. मुळींच नाहीं. आम्ही सुधारणेचे शत्रु नसून सक्तीचे आहों. खऱ्या सुधारणा झाल्या आहेत आणि त्यांचें श्रेय दिलेंच पाहिजे. अंधारांत काढलेल्या फोटोवरची खरखर घालविण्याचें जें नवें साधन लाइटरूममध्यें एप्रिल २०२३ मध्यें आलें, त्यानें वाया गेलेलीं म्हणून टाकलेलीं चित्रें पुन्हां जिवंत केलीं. आणि त्यास चांगलें ग्राफिक्स कार्ड लागतें हेंहि खरें. आपल्या लिपीचा अनुभव तर प्रत्येक स्टुडिओवाल्यास आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी टंकली असतां ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागीं पडे आणि जोडाक्षरें फुटून निघत. म्हणून लग्नाच्या अल्बमावर वधूवरांचीं नांवें घालण्यासाठीं श्रीलिपीसारखे निराळे टंक वापरावे लागत. पुढच्या आवृत्त्यांत ही अडचण दूर झाली. ज्याचें रोजचें काम मराठी अक्षरांशीं आहे त्यानें ह्यासाठीं पैसे खर्चिले, तर त्यास आम्ही शहाणाच म्हणूं. कारण त्यानें आधीं अडचण पाहिली आणि मग औषध घेतलें. जाहिरात वाचून रोग शोधणारा मात्र निराळा.

आणि बहुतेक घरांतला रोग हा असाच शोधून काढलेला असतो. थोडें गणित करून पाहूं. सहा इंच लांब व चार इंच रुंद फोटो इंचास ३०० ठिपक्यांनीं छापला तर त्यास १,८०० गुणिले १,२००, म्हणजे २१ लक्ष ६० हजार ठिपके लागतात. घरांतल्या मोठ्या 'फोर-के' पडद्यावर सुमारें ८३ लक्ष ठिपके असतात. साधारण चांगल्या कॅमेऱ्याचें चित्र २ कोटि ४० लक्ष ठिपक्यांचें असतें. म्हणजे जें आपण पाहणार त्याच्या कितीतरी पट तें आधींच आहे. त्याहून मोठ्या कॅमेऱ्याचा सोस धरून मग त्या चित्रांचें ओझें पेलण्यासाठीं नवा संगणक घेणें, ह्यास नाकापेक्षां मोतीं जड म्हणतात. रॅमचेंहि तसेंच. प्रत्येक ठिपक्यास तीन रंग व प्रत्येक रंगास दोन बाइट धरले, तर वरील चित्राचा एक पदर १४४ मेगाबाइटांचा होतो. दहा पदर चढविले तरी दीड गिगाबाइटाच्या आंतच भागतें. इतर कामें आणि सिस्टिमचा वांटा धरूनहि १६ गिगाबाइट रॅमचा संगणक घरगुती कामास ऐसपैस होतो. ज्या जुन्या यंत्रांत अद्याप फिरती हार्ड डिस्क आहे, त्यांत ती काढून एसएसडी बसविली, तर एकट्या तेवढ्यानें यंत्र असें चपळ होतें कीं नवें घेण्याची इच्छा पुष्कळदां आपोआप मावळते. पण हें विक्रेता कशास सांगेल?

आतां एक कटु गोष्ट आपल्याच लोकांविषयीं बोलणें प्राप्त आहे. भाडें नको आणि किंमतहि नको, म्हणून कुलूप फोडलेली प्रत वापरण्याची चाल आमच्याकडे शहरांतून खेड्यापर्यंत पसरली आहे, आणि तिला चोरी म्हणण्याचेंहि कोणास सुचत नाहीं. मुलाला परीक्षेंत नक्कल करूं नको म्हणून बजावणारा गृहस्थ संध्याकाळीं फोडलेल्या फोटोशॉपवर त्याचाच फोटो उजळीत बसतो! ही चोरी नीतीच्या दृष्टीनें वाईट आहेच. पण ती स्वातंत्र्याच्या दृष्टीनेंहि घातक आहे. फुकटच्या चोरीमुळें आमचे हात एकाच हत्यारास संवकले, आमचे शिकवणीवर्ग तेंच शिकवूं लागले, आणि जें खरोखर आमचें होऊं शकलें असतें त्याकडे आम्ही ढुंकूनहि पाहिलें नाहीं.

आणि असें हत्यार आहे. बर्कली येथील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं 'गिंप' आरंभिलें. तें मुक्त आहे, त्याची घडण कोणासहि पाहतां व बदलतां येते, आणि मार्च २०२५ मध्यें त्याची तिसरी मोठी आवृत्ति आली. 'रॉ' चित्रांसाठीं 'डार्कटेबल' आणि 'रॉथेरपी' आहेत. हीं साधनें सर्व बाबतींत फोटोशॉपच्या तोडीचीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. शिकावयास वेळ लागतो, आणि छापखान्याच्या व मोठ्या धंद्याच्या कांहीं गरजा त्यांनीं भागत नाहींत. परंतु त्यांची जुनी प्रत कोणी परत मागत नाहीं. फुकट आणि मुक्त ह्यांतला भेद मात्र येथें ओळखावा. सेरिफ कंपनीचें 'अफिनिटी' हें एकदांच पैसे घेऊन मिळणारें म्हणून लोकांनीं उचलून धरलें. मार्च २०२४ मध्यें ती कंपनी कॅनव्हानें विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें तें खातें उघडणाऱ्यास फुकट मिळूं लागलें. फुकट मिळालें हें ठीक. पण धनी बदलला कीं अटी बदलतात, आणि त्या वेळीं वापरणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं.

मग करावें काय? आमचें उत्तर सोपें आहे. प्रथम, पुरें झालेलें प्रत्येक चित्र टिफ किंवा जेपेग ह्या सर्वमान्य रूपांत बाहेर काढून दोन ठिकाणीं ठेवावें. म्हणजे वही बंद झाली तरी चित्र उघडें राहील. मूळ 'रॉ' साठीं 'डीएनजी' हें २००४ सालीं प्रसिद्ध झालेलें उघड रूप आहे. तें अ‍ॅडोबीनेंच काढलें, आणि नव्या कॅमेऱ्याचें चित्र त्या रूपांत आणणारें तिचें साधन विनामूल्य आहे. त्याच्या साह्यानें जुनें विकत घेतलेलें सॉफ्टवेअरहि पुष्कळदां नवें चित्र वाचूं शकतें. दुसरें, नवें यंत्र घेण्यापूर्वीं जुनें नेमकें कोठें अडतें तें पाहावें. रॅम भरते, डिस्क रेंगाळते, कीं केवळ मन अडतें? तिसरें, नवें घ्यावयाचेंच झालें तर उघडतां येणारें व दुरुस्त होणारें घ्यावें. आणि चवथें, ज्याचा धंदा आहे त्यानें खुशाल भाडें भरावें, पण तें भाडें आहे हें जाणून भरावें, आणि सोडून जाण्याची वाट आधीं पाहून ठेवावी.

छायाचित्र ही मध्यमवर्गीय घराची एकमेव बखर आहे. आमच्यांतल्या बहुतेकांच्या नांवें जहागिरी नाहींत, वाडे नाहींत, सनदा नाहींत. आहेत ते हे चेहरे. ही बखर पुढच्या पिढीच्या हातीं देतांना तिच्याबरोबर दरमहाच्या भाड्याची पावती द्यावी लागूं नये, एवढीच आमची मागणी आहे. ज्या सुधारणेनें माणसाचें बळ वाढतें तिचें आम्ही दार उघडून स्वागत करूं. परंतु जी आंत येतांच घराची किल्ली मागते, तिला सुधारणा म्हणण्याचें शहाण्या माणसानें आजच सोडून द्यावें.